चॅरिटी बिब घेतला, आता पुढे काय? मुंबई मॅरेथॉनची १८ आठवड्यांची तयारी, क्रमाने

नोव्हेंबर उजाडला की मला हमखास मेसेज येतात. "दादा, चॅरिटी बिब मिळालाय, फुल मॅरेथॉन, अजून ९ आठवडे आहेत, होईल ना?" (चॅरिटी बिब म्हणजे एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवण्याच्या बोलीवर मिळणारा धावण्याचा नंबर.) धावणं किती चालू आहे विचारलं तर उत्तर येतं की आठवड्यातून दोनदा ५ किमी होतं, आणि पैसे किती जमले विचारलं तर "ते बघू डिसेंबरमध्ये". दोन्ही कामं उलट्या क्रमाने चाललेली असतात. पैसे आधी जमवायचे असतात आणि किलोमीटर हळूहळू वाढवायचे असतात. इथे मात्र डिसेंबरमध्ये दोन्ही एकदम अंगावर येतं, मग गुडघा जातो किंवा टार्गेट राहतं, बऱ्याचदा दोन्ही.

हे सगळं टाटा मुंबई मॅरेथॉन डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे जानेवारीचा तिसरा रविवार, ४२.१९५ किमी. हाफ (निम्मं अंतर) करणाऱ्यांनी आकडे कमी करून घ्यावेत, क्रम तोच. मी डोंबिवलीचा, नोकरी सांभाळून धावणारा साधा रनर आहे, कोच नाही. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः करून बसलोय.

## टप्पा ० : अंतर ठरवा (जुलै-ऑगस्ट)

स्वतःला दोन प्रश्न विचारा: आज, न थांबता, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू न येता १० किमी धावता येतात का? आणि गेले दोन महिने आठवड्याला साधारण २५ किमी होतायत का? दोन्हीला हो असेल तर फुलचा विचार करा. फक्त पहिल्याला हो असेल तर हाफ. दोन्हीला नाही असेल तर १० किमी किंवा ड्रीम रन (हौसेची, कमी अंतराची धाव) घ्या, त्यात कमीपणा काही नाही, संस्थेला पैसे तेवढेच मिळतात. चॅरिटी बिबसाठी फुलच धावलं पाहिजे असा लोकांचा का कोण जाणे समज असतो.

डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आधी फिजिशियनकडे जा, ते सांगतील तो ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, बी१२ आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं अगदी कॉमन आहे, आणि बायकांमध्ये हिमोग्लोबिन. माणूस महिनाभर "स्टॅमिना वाढत नाहीये" म्हणून जास्त जोर लावत बसतो आणि रक्तच कमी असतं.

सावध: धावताना छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. "अॅसिडिटी असेल" म्हणून पुढचा किलोमीटर मारू नका.

## टप्पा १ : संस्था निवडा आणि पैशांचे नियम विचारून घ्या

मुंबई मॅरेथॉनचं चॅरिटीचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था बघते आणि त्यांच्याकडे रजिस्टर झालेल्या बऱ्याच संस्था असतात. त्यातली जवळची वाटणारी संस्था निवडा, पण बिबचे पैसे भरण्याआधी त्यांना फोन करून हे विचारा:

१. बिबसाठी किमान किती रक्कम उभी करायची आणि शेवटची तारीख कुठली?
२. रक्कम कमी पडली तर फरक मला भरावा लागेल का?
३. मी आजारी पडलो आणि धावलो नाही तर काय?
४. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाणार का, आणि पावती कोणाच्या नावाने निघणार?
५. ८०जीचं (देणगीवर आयकर सवलत देणारं कलम) रजिस्ट्रेशन चालू आहे का?
६. आमच्या पैशातून नक्की काय होणार?

सहाव्याचं उत्तर "समाजकार्य" असं गोल आलं तर परत विचारा. "एवढ्या रुपयांत एका मुलीचा वर्षभराचा बसपास" असं काहीतरी हातात पाहिजे, कारण तुमचा पुढचा सगळा मेसेज त्यावर उभा राहणार आहे.

तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. एका वर्षी डिसेंबरमध्ये माझा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आयटी बँड धरला, २४ किमीच्या रनमध्ये सोळाव्यालाच कळ यायला लागली होती, तरी मी रन पूर्ण केला कारण डोक्यात एकच: लोकांनी पैसे दिलेत, आता थांबलो तर तोंड काय दाखवू. त्या आठ किलोमीटरची किंमत सहा आठवडे फिजिओ, आणि रेस गेलीच. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की पैसे संस्थेकडे केव्हाच पोचले होते, मी लंगडत पळाल्याने त्यात एक रुपयाची भर पडणार नव्हती. म्हणून आता मागतानाच लिहितो की मी धावलो काय न धावलो काय, तुमचे पैसे कामाला लागणार. हे वाक्य देणाऱ्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त असतं.

तपासा: संस्थेकडून वरच्या सहाही प्रश्नांची उत्तरं ईमेलवर आली का? फोनवरचं नंतर कोणाला आठवत नाही. फुलला टायमिंग सर्टिफिकेट (आधीच्या रेसच्या वेळेचा पुरावा) लागतंय का तेही चालू वर्षाच्या नियमांत बघून घ्या, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच भरा.

## टप्पा २ : पैसे आधी (ऑगस्ट ते दिवाळी)

दिवाळीपर्यंत टार्गेटचे निदान ८० टक्के जमलेले हवेत. त्यानंतर रविवारचे रन २४-२६-२८ किमीवर जातात, धावून आलात की दुपारी झोप लागते, संध्याकाळी पाय वर करून पडावंसं वाटतं, त्यात कोण तीस जणांना फोन करणार?

क्रम असा ठेवा:

आधी स्वतःचे पैसे टाका. पेजवर शून्य दिसलं की पहिला माणूस बिचकतो. मग घरचे आणि अगदी जवळचे दहा जण, यांना फॉरवर्ड नाही, फोन. पहिल्या दहा जणांचे आकडे बघूनच पुढचे किती द्यायचे ते ठरवतात, सुरुवातीला कोणी ५०० दिले की मागचे सगळे ५००. त्यानंतर ऑफिस, आणि तिथे एचआरला विचारा की कंपनी तेवढीच भर घालते का. बऱ्याच मोठ्या कंपन्या घालतात आणि विचारत कोणीच नाही. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, हे सगळ्यात शेवटी, कारण ग्रुपवर टाकलेल्या लिंकला हात जोडलेले इमोजी भरपूर येतात आणि पैसे दोघांचे.

तारीख बघून मागा. महिन्याच्या २५ तारखेला मागितलं की "बघतो रे" येतं, तेच १ ते ७ मध्ये मागितलं की लगेच होऊन जातं.

मेसेज छोटा ठेवा. माझा साधारण असा असतो:

"मावशी, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावतोय, ४२ किमी. त्यानिमित्ताने मुलींच्या बसपाससाठी पैसे जमवतोय, एका मुलीचा वर्षाचा पास अमुक रुपये. तुला जमेल तेवढे दे, लिंक खाली आहे, पावती तुझ्या नावाने येईल. मी धावू शकलो नाही तरी पैसे कामाला लागणारच. २० तारखेला एकदा आठवण करेन, नंतर त्रास देणार नाही."

शेवटच्या ओळीने दोन कामं होतात, समोरच्यावर दडपण येत नाही आणि तुम्हाला आठवण करायचा हक्क मिळतो.

सावध: पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. "तुला जीपे करते, तू भर" असं आत्या म्हणाली, मी तिचे ५,००० माझ्या कार्डाने भरले, पावती माझ्या नावाने आली. मार्चमध्ये तिच्या सीएने पावती मागितली आणि मी तोंड लपवत फिरलो. वयस्कर माणसांकडे जाऊन त्यांच्याच फोनवरून, त्यांच्या नावाने, त्यांचा पॅन टाकून भरून द्या, दहा मिनिटांचं काम आहे. रोख २,००० च्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असणाऱ्यांना ती तशीही नाही, म्हणून "टॅक्स वाचेल" हे सगळ्यांना सरसकट सांगत सुटू नका.

एक साधी शीट ठेवा: नाव, रक्कम, तारीख, पावती मिळाली का. बस.

## टप्पा ३ : सामान

शूज संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. धावताना घालता तेच मोजे घालून ट्राय करा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडून गळून जाणार. साधारण नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. एक जोडी ५०० ते ८०० किमी चालते, म्हणजे जुन्या शूजवर आधीच ४०० झाले असतील तर हे ट्रेनिंग त्यांच्यावर निघणार नाही. जमलं तर दोन जोड्या आलटून पालटून वापरा.

सप्टेंबरात पाऊस असतोच. ओले शूज उन्हात तापवू नका, हेअर ड्रायर तर नाहीच, गोंद सुटतो. आतला सोल बाहेर काढायचा, शूजमध्ये रद्दीचा पेपर गच्च कोंबायचा, तासाभराने तो काढून दुसरा, रात्री तिसरा. सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. आमच्याकडे पेपर घेणं बंद केलं तेव्हा बायकोपेक्षा माझीच जास्त तक्रार होती.

बाकी: कॉटनचा टीशर्ट नको, ड्राय फिट हवा. काचू नये म्हणून व्हॅसलिन, आणि पुरुषांनी छातीवर साधा मेडिकल टेप. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा लाँग रनला (रविवारच्या लांब धावेला) वापरून पारखून घ्या, काचतं ते १५ किमीनंतर कळतं. घड्याळ असेल तर छान, नसेल तर फोन चालतो.

सावध: पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून धावू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा आहे. धावलातच आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

## टप्पा ४ : १८ आठवडे

रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, तिथून मागे मोजलं की पहिला लाँग रन सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास येतो. आठवड्यात चार दिवस धावणं पुरे:

- मंगळवार: सावकाश, ६ ते १० किमी
- बुधवार किंवा शुक्रवार: जोर-व्यायाम (ताकदीचा), ३० मिनिटं
- गुरुवार: थोडा वेगाचा किंवा चढाचा रन, ६ ते १० किमी
- शनिवार: अगदी सावकाश ४-५ किमी, किंवा नुसतं चालणं
- रविवार: लाँग रन
- सोमवार: आराम, आणि आराम म्हणजे आराम, बॅडमिंटन नाही

रविवारचे किलोमीटर आठवड्यागणिक असे: १०, १२, १४, १०, १६, १८, २०, १४, २२, २४, १६, २६, २८, १८, ३२, २०, १२, आणि अठराव्याला रेस.

मध्येमध्ये आकडा खाली येतो ते मुद्दाम आहे. शरीर त्या हलक्या आठवड्यात सावरतं, तेव्हा "मस्त वाटतंय म्हणून १४ ऐवजी २२ मारले" असं करू नका. गणपती, नवरात्र, दिवाळी जिथे येईल तिथे हलका आठवडा सरकवून घ्या. नवरात्रात नऊ दिवस उपास असेल तर त्या आठवड्यात वेगाचा रन काढूनच टाका, आणि लाँग रनच्या आधी-नंतर राजगिरा, रताळं, केळं, दूध पोटात जाऊ दे. निर्जळी करून १८ किमी धावणारा एक मित्र मला माहितीये, त्याला रिक्षाने घरी आणला होता.

### सगळ्यात कॉमन चूक: सावकाश म्हणजे किती सावकाश

इथेच ८० टक्के लोक फसतात (आकडा माझा, डोळ्यांनी बघून). प्रत्येक रन जरा जोरात, प्रत्येक रन स्ट्राव्हावर (धावण्याची नोंद ठेवणारं अॅप) दाखवण्यासारखा. सावकाश रनची परीक्षा सोपी आहे, धावता धावता आरतीचं एक कडवं मोठ्याने म्हणा. मध्ये दम घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. तुम्ही रेस ७:१५ च्या पेसने करणार असाल, म्हणजे एका किलोमीटरला सव्वासात मिनिटं, तर सावकाश रन ७:४५ ते ८:१५ ने व्हायला हवेत. सुरुवातीला लाज वाटते, कल्याण-शीळ रोडला मॉर्निंग वॉकवाले काका बाजूने चालत गप्पा मारतात, मारू दे.

लाँग रनही तसाच. सुरुवातीपासून धावा-चाला केलं तरी चालतं, ९ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं, पण दमल्यावर चालणं वेगळं आणि ठरवून चालणं वेगळं, पहिल्या किलोमीटरपासून ठरवून करा.

### चढ

फुलच्या रूटवर पेडर रोडचा चढ बहुतेक वर्षी ३५ किमीच्या आसपास आलाय, तेव्हा पाय संपलेले असतात. रूटमध्ये दरवर्षी थोडेफार बदल होतात, म्हणून चालू वर्षाचा मॅप बघाच. चढ तसा भयंकर नाही, पण तोवर पोचलेले पाय भयंकर असतात. त्यामुळे ताज्या पायांनी टेकडी चढण्याचा सराव अर्धाच उपयोगी आहे. मी लाँग रनचा रस्ता असा लावतो की कल्याणचा पत्री पूल शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये यावा, आणि तो दोनदा चढतो. ठाण्याच्या लोकांना येऊर आहे, पुण्याच्या लोकांना टेकड्याच टेकड्या, तरी चढ रनच्या शेवटी ठेवा. चढताना पावलं छोटी, नजर दहा-बारा फुटांवर, पेस विसरा.

### जोर-व्यायाम

स्क्वॅट, एका पायावर टाचा उचलणं, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), प्लँक, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार. १२-१५ वेळा, तीन सेट. जिम लागत नाही. माझा आयटी बँड फिजिओने यावरच बरा केला, मशीनचे शेक दिले ते वेगळे.

तपासा (सातव्या आठवड्यानंतर): २० किमीच्या रननंतर मंगळवारचा सावकाश रन नीट झाला का? सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवताना कळ येते का? झोप लागते का? दोन ठिकाणी गडबड वाटली तर पुढचा आठवडा हलका करा, चुकलेले किलोमीटर नंतर भरून काढू नका, ते गेले.

## टप्पा ५ : खाणं-पिणं, तेही लाँग रनमध्येच शिकायचं

शरीरात साठवलेली साखर साधारण ३० किमीच्या आसपास संपत येते आणि मग अचानक पायात सिमेंट भरल्यासारखं होतं. त्यावर उपाय एकच, संपायच्या आधीपासून भरत राहणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) लागतात. एका जेलमध्ये (पाकिटातली घट्ट गोड पेस्ट) २०-२५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात साधारण तेवढेच. पहिलं ४०-४५ मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता, नंतर दर अर्ध्या-पाऊण तासाने. जेल महाग वाटत असतील तर खजूर, चिक्कीचे तुकडे, गूळ-शेंगदाणा, मला २५ किमीनंतर चिक्की चावली जात नाही म्हणून मी तिथून पुढे जेलवर येतो. कुणाला काय पचतं ते १६ किमीपासूनच ट्राय करायला घ्या.

पाण्याचा अंदाज असा काढा. तासभर धावायच्या आधी वजन करा, कमीत कमी कपड्यात, आणि आल्यावर अंग पुसून परत करा. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी माझं ७२.४ चं ७१.३ झालं, मध्ये ३०० मिली पाणी प्यायलो होतो, म्हणजे तासाला जवळजवळ १.४ लिटर घाम. तेवढं सगळं परत प्यायचं नसतं, पोटात डचमळतं. मी तासाला ५००-६०० मिली घेतो, घोट घोट, त्यातलं निम्मं ओआरएस. इलेक्ट्रालचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून गाढं करून पिऊ नका, पोट बिघडतं.

सावध: नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर पूर्ण बाटली प्यायची नसते. आणि धावायच्या आधी पेनकिलर घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या घामाने सुकलेल्या शरीरात किडनीवर येतात.

## टप्पा ६ : दुखलं तर

स्नायू भरून येणं दोन्ही पायांत सारखं असतं, चालायला लागलं की मोकळं होतं आणि दोन दिवसांत जातं. इंजुरी एका जागी असते, बोट ठेवून दाखवता येते, आणि धावताना वाढत जाते. माझा नियम असा: दुखण्यामुळे चाल बदलली, म्हणजे लंगडायला लागलात, की रन तिथेच संपला. घरापासून ११ किमी लांब असलात तरी. खिशात नेहमी शंभराची नोट ठेवा, रिक्षासाठी.

नडगीच्या हाडावर एका बिंदूत दुखत असेल, रात्री झोपेतही ठसठसत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, ऑर्थोकडे जा, यूट्यूबवर स्ट्रेच शोधत बसू नका. पाच-सात दिवस सुट्टी घेतल्याने तयारी वाया जात नाही. डिसेंबरमध्ये तीन आठवडे बसावं लागलं तर मात्र फुल सोडा. त्या दिवशी देणाऱ्यांना स्वतःहून कळवा, दोन ओळींत, रडगाणं न लावता. मी कळवलं होतं, ४१ जणांना, एकानेही पैसे परत मागितले नाहीत. एका काकांनी उलट आणखी ५०० टाकले, औषधाला म्हणून, तेही संस्थेच्याच लिंकवर.

## टप्पा ७ : शेवटचे तीन आठवडे

३२ किमी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी संपले की नवीन काही कमवायचं राहत नाही. त्यानंतर किलोमीटर कमी, दिवस तेवढेच. या काळात हमखास वाटतं की आपण आळशी झालोय, कुठेतरी काहीतरी दुखतंय, घसा धरलाय. वाटू दे. रेसच्या दहा दिवस आधी भीतीपोटी ३० किमी मारून आलेले लोक दरवर्षी दिसतात.

पेस आत्ताच कागदावर ठरवा. ७ मिनिटाचा पेस म्हणजे ४ तास ५५ मिनिटं, ७:३० म्हणजे ५ तास १६, ८ म्हणजे ५ तास ३८. यात एक गंमत आहे, वळणं, पाणी, गर्दी चुकवणं यामुळे तुमचं घड्याळ शेवटी ४२.५-४२.८ दाखवतं, म्हणजे दोन-चार मिनिटं अशीच जातात. "पाच तासांच्या आत" हवं असेल तर ७ चा पेस पुरेल असं वाटतं, पण पुरता पुरता राहतो. हाफचा टाइम माहीत असेल तर त्याची दुप्पट अधिक २०-३० मिनिटं, हा हौशी लोकांसाठी बरा अंदाज.

बिब घ्यायला एक्स्पोला (रेसआधी बिब वाटतात ते प्रदर्शन) स्वतः जा, ओळखपत्र आणि कन्फर्मेशन घेऊन, शनिवारऐवजी आधीच्या दिवशी जमत असेल तर उत्तम, तिथे चार तास फिरू नका. आणि तिथे मिळणारं काहीही, शूज, मोजे, नवा जेल, रविवारी वापरायचं नाही.

शनिवारी दुपारी मोठं जेवण, रात्री लवकर आणि हलकं. वरण-भात, बटाटा, दही चालत असेल तर दही. उसळ, मिसळ, पावभाजी, काकडी-कोशिंबीर, हॉटेल, सगळं सोमवारी.

तपासा (शनिवार रात्र): बिबला चार पिना लावल्या? टायमिंगची चिप बिबलाच असते, ती दुमडली नाही ना? बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिला? नखं कापली (शनिवारी नव्हे, बुधवारीच)? जेल, व्हॅसलिन, टेप, जुना टीशर्ट, घरी यायचे कपडे आणि चपला बॅगेत? पहाटेच्या स्पेशल लोकलची वेळ रेल्वेच्या चालू वर्षाच्या पत्रकात बघितली?

## टप्पा ८ : रविवार

अडीच-तीनला उठा. उठल्यावर चहा, दोन-तीन तास आधी केळं आणि ब्रेड-जॅम किंवा नेहमी लाँग रनला खाता तेच. सीएसएमटीला दीड तास आधी पोचा, टॉयलेटची रांग हीच खरी पहिली रेस असते. अंगावर जुना टीशर्ट ठेवा, स्टार्टला काढून टाका.

पहिले १० किमी मुद्दाम हळू, किलोमीटरला १०-१५ सेकंद मागे. अंधार, गारवा, मरीन ड्राइव्ह, बाजूने सगळे सुटलेले असतात, आणि नेमकं तिथेच लोक पुढची ३० किमी उधळतात. सी लिंकवर बघे नसतात, वारा असतो, तिथे एखाद्या आपल्या पेसच्या घोळक्यात राहा. नऊनंतर ऊन चढतं, तेव्हा डोक्यावर पाणी ओता पण शूजमध्ये जाऊ देऊ नका, ओले मोजे म्हणजे फोड. लोक बिस्किटं, संत्री, चिक्की, काय काय हातात देतात, प्रेमाने देतात, पण जे ट्रेनिंगमध्ये खाल्लं नाही ते नमस्कार करून सोडा. मीठ लावलेली संत्र्याची फोड हा माझा अपवाद.

पेडर रोड चालत चढला तरी बिघडत नाही. उतारावर पाय आपटू नका, मांड्या तिथेच जातात.

सावध: गारठल्यासारखं वाटणं, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं, बोलताना अडखळणं, असं झालं तर मेडिकल स्टेशनवर थांबा. आजूबाजूच्या कोणाला तसं होताना दिसलं तर त्याचं "मी ठीक आहे" ऐकू नका, त्याला बसवा आणि माणूस बोलवा.

फिनिशनंतर लगेच खाली बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, ओआरएस, केळं, कोरडा टीशर्ट. लघवी होईपर्यंत पेनकिलर नाही, आणि लघवी चहासारखी काळपट आली तर घरी न जाता डॉक्टर. ट्रेनमध्ये जागा मिळाली तर बसा, पण डोंबिवलीला उतरायच्या दोन स्टेशनं आधीच उभे राहायला सुरुवात करा. हे मी गमतीने सांगत नाहीये, एकदा पुढच्या ठाकुर्लीला गेलो होतो.

## टप्पा ९ : सोमवार-मंगळवार

आठवडाभर धावणं नाही, चालणं भरपूर. आणि संध्याकाळी ती शीट उघडा. ज्यांनी पैसे दिले त्यांना एकेकट्याला मेसेज, ग्रुपवर एकच फोटो टाकून मोकळं व्हायचं नाही: टाइम काय लागला, एकूण किती जमले, संस्था त्याचं काय करणार. मग शेवटचा कॉलम बघा, "पावती मिळाली का". जिथे रिकामा आहे तिथे संस्थेला आत्ताच कळवा, ३१ मार्चच्या आत दुरुस्त होतं तेवढं होतं, नंतर आत्याला भेटायला जाताना पेढे न्यावे लागतात.